योरुबा कलेवर कॉमिक काढताना: नक्षी आधी की मांडणी आधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नायजेरियातल्या योरुबा कलापरंपरेवर चोवीस पानांचं मराठी कॉमिक काढायचं आहे. गोष्ट कापड रंगवणाऱ्या एका आजीची आणि तिच्या जुळ्या नातवंडांची. चित्रशैली कुठून घ्यावी, पारंपरिक नक्ष्या कशा वापराव्यात, आणि नवख्या चित्रकाराच्या हातून हमखास कोणत्या चुका होतात?

सुरुवात नकाशापासून करा. ‘पश्चिम आफ्रिकी शैली’ नावाची एक शैली नाही. केंते हे घानातल्या असांते आणि एवे विणकरांचं कापड. आदिंक्राचे ठसे असांते लोकांचे, दुधीभोपळ्याच्या वाळक्या कवचातून कोरलेले. चिखलाने रंगवलेलं बोगोलान मालीतल्या बामाना लोकांचं. बेनिनच्या प्रसिद्ध पितळी पाट्या नायजेरियातल्या बेनिन शहरातल्या, एडो राजदरबाराच्या. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने त्या लुटून नेल्या. शेजारचा बेनिन नावाचा देश वेगळा, १९७५ पर्यंत त्याचं नाव दाहोमे होतं. यातलं काहीही योरुबा आजीच्या घरात सजावट म्हणून टांगलंत, तर लागोसमधल्या वाचकाला ते पैठणीवर कांजीवरमचा पदर जोडल्यासारखं दिसेल. म्हणून एक गाव आणि एक दशक पक्कं करा. तुमच्या गोष्टीला आबेओकुटा सगळ्यांत योग्य. १८३० मध्ये वसलेलं, ओलुमोच्या खडकाभोवती पसरलेलं हे गाव. तिथला इतोकू बाजार आजही अदिरे या नक्षीदार निळ्या कापडासाठी ओळखला जातो. काळ १९३० चं दशक धरा. त्याच वर्षांत तिथल्या रंगारी बायकांचा कृत्रिम नीळ आणि कॉस्टिक सोडा यांवरून राजाच्या दरबाराशी वाद पेटला होता, त्यामुळे संघर्ष आयता मिळतो.

आता अदिरे. निळ्या रंगात रंगवताना काही भाग झाकून नक्षी उठवलेलं कापड म्हणजे अदिरे. राफियाच्या धाग्याने बांधून केलेलं ते ‘अदिरे ओनिको’ आणि खळ लावून केलेलं ते ‘अदिरे एलेको’. आजी एलेको करणारी दाखवा, कारण त्यात हात चालताना दिसतो. खळ कसाव्याच्या पिठाची असते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कसावा. पिठात पाणी आणि थोडी तुरटी घालून ते शिजवतात, कधी मोरचूदही घालतात, मग गाळून घेतात. कोंबडीच्या पिसाने किंवा ताडाच्या पानाच्या शिरेने कापडाच्या एकाच बाजूवर रेषा काढतात. कापड उन्हात वाळवून निळीच्या रांजणात बुडवतात, बाहेर काढून वारं देतात, पुन्हा बुडवतात. नीळ ‘एलू’ नावाच्या वेलीच्या पानांची. पानं कुटून गोळे वाळवतात आणि ते राखेतून झिरपवलेल्या पाण्यात मुरवतात. कापड रांजणातून निघतं तेव्हा पिवळट हिरवं असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. या एका क्षणाला तीन चौकटी द्या: हिरवं, अर्धं, निळं. आजीचं कोपर तीनही चौकटींत त्याच जागी राहू दे, म्हणजे नजर फक्त रंगावर राहते.

खळ एका बाजूला असल्यामुळे मागून नीळ शिरतेच. म्हणून खऱ्या अदिरेतल्या रेषा कागदासारख्या पांढऱ्या नसतात, फिकट आकाशी असतात. बहुतेक चित्रकार गडद निळ्यावर शुभ्र रेषा काढतात आणि कापड छापील पडद्यासारखं दिसतं. छपाईसाठी गडद भाग सायन १००, मजेंटा ८०, यलो ३०, ब्लॅक ३५ असा ठेवा आणि रेषा सायन २५, मजेंटा १० अशी. एकूण शाई २४५ टक्के होते, साध्या आर्ट पेपरला झेपते. रेषेत थोडा सायन आणि मजेंटा राहिल्याचा आणखी एक फायदा आहे. प्लेट किंचित सरकली तरी कडेला पांढरी फट उघडी पडत नाही. शुभ्र रेषेत चारही शायांची जागा रिकामी ठेवावी लागते, एक प्लेट जरी हलली तरी रेषा भरून जाते. रेषा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

नक्षीचा एक चौकोन काढून संगणकावर शंभरदा चिकटवू नका. पिसाने काढलेला प्रत्येक चौकोन शेजारच्यापेक्षा थोडा वेगळा असतो. रेषा सुरुवातीला जाड, शेवटी वाळत गेलेली. पत्र्याच्या साच्याने उठवलेलं अदिरे एकसारखं येतं, पण साचे कापण्याचं आणि वापरण्याचं काम पुरुषांचं होतं. आजीच्या हातात साचा दिला तर ती चूक ठरेल. मोठं वस्त्र साधारण अडीच वारांचे दोन तुकडे लांबीच्या कडेने शिवून होतं, ती मधली शिवण दाखवा. अंगावर गुंडाळल्यावर चौकोन वळतात, कमरेपाशी अर्धे गिळले जातात. आधी तीनच मुख्य घड्या ठरवा, प्रत्येक घडीच्या आत नक्षी वेगळ्या कोनात काढा. सपाट नक्षी आकृतीवर पसरून वर सावली टाकली की माणूस भिंतीवरच्या कागदात गुंडाळल्यासारखा दिसतो.

प्रत्येक नक्षीला नाव आणि वय असतं. ‘इबादानदुन’, म्हणजे ‘इबादान गोड आहे’, या नक्षीत इबादान शहरातल्या मापो हॉलचे खांब आहेत. तो हॉल १९२९ मध्ये उघडला. ‘ओलोबा’ ही राजा-राणीची नक्षी १९३५ मधल्या, ब्रिटिश राजाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळची. म्हणजे गोष्ट १९३२ ची असेल तर आजीने इबादानदुन नेसलेलं चालेल, ओलोबा नाही. उलट १९३५ च्या प्रसंगात बाजारात सगळीकडे नवीन ओलोबा झळकतंय आणि आजी हट्टाने जुनी, समुद्रदेवता ओलोकुनच्या नावाची नक्षी काढतेय, असं दाखवलंत तर एकाही संवादाशिवाय तिचा स्वभाव कळतो.

मात्र नक्षी हे कामाचं फक्त एक टोक आहे. योरुबा कला पानावर खरी उतरते ती मांडणीतून, आणि बहुतेक कॉमिक्स तिथेच कमी पडतात. चौकटी अमेरिकन सुपरहिरोच्या, कॅमेरा सिनेमाचा, आणि पार्श्वभूमीला आफ्रिकी बॉर्डर. याने काही साधत नाही.

इफा या भविष्यकथनाचं लाकडी तबक बघा, ‘ओपोन इफा’. मध्ये सपाट रिकामी जागा, भोवती कोरीव काठ. काठावर विणीच्या पट्ट्या, प्राणी, माणसं, एशू देवाचा चेहरा, सगळं शेजारी शेजारी. एक चित्र संपतं, दुसरं सुरू होतं, एकाने दुसऱ्याची गोष्ट पुढे नेलीच पाहिजे असं बंधन नाही. एगुंगुनच्या, म्हणजे पूर्वजांचं रूप घेऊन नाचणाऱ्याच्या, पोशाखावरच्या कापडाच्या पट्ट्या तशाच, ‘ओरिकी’ नावाच्या स्तुतिकाव्यातली विशेषणंही तशीच, आपल्या बिरुदावलीसारखी एकामागून एक. प्रत्येक तुकडा स्वतंत्र आणि समान वजनाचा. कॉमिकच्या पानासाठी ही फार मोठी देणगी आहे. आजीची ओळख करून देताना नेहमीचा ‘दूरचं दृश्य, मधलं, जवळचं’ हा क्रम सोडा. सारख्या मापाच्या नऊ चौकटी घ्या: हात, रांजण, पीस, गावाचा खडक, मेलेल्या नवऱ्याची टोपी, आणि असंच पुढे. प्रत्येकीखाली ओरिकीची एक ओळ. वाचक कुठूनही सुरू करू शकेल. अशी पानं चोवीसमध्ये तीन ठेवा, जास्त झाली तर गोष्ट थांबते. ती ओळख, उत्सव आणि मृत्यू या प्रसंगांसाठी राखून ठेवा.

दुसरा धडा ओलोवे या शिल्पकाराकडून घ्या. इसे गावचा हा माणूस १९३८ मध्ये वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने कोरलेली दारं १९२४ मध्ये वेंब्लीच्या साम्राज्य-प्रदर्शनात गेली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दारांवर एकावर एक चौकटी आहेत. एका बाजूला इकेरेचा राजा ओगोगा बसलेला, मागे उंच उभी राणी. दुसऱ्या बाजूला पालखीसारख्या डोलीतून आलेला ब्रिटिश अधिकारी. एकच भेट दोन फळ्यांवर वाटून दिलेली, मधे दाराची फट. ही फट म्हणजे कॉमिकमधली दोन चौकटींमधली मोकळी जागाच. शेजारच्या चौकटीतला पाहुणा आणि या चौकटीतला राजा एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, ते अंतर डोळ्यांना जाणवतं. आजी आणि कर वसूल करायला आलेला अधिकारी यांची भेट काढताना दोघांना एकाच चौकटीत घालू नका. समोरासमोरच्या पानांवर द्या, मधली घडी ही दाराची फट होऊ दे.

आकृत्यांच्या प्रमाणाचं ठरवताना शरीरशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेवा. योरुबा शिल्पात डोकं सगळ्या उंचीच्या एक तृतीयांश ते एक चतुर्थांश असतं, कारण ‘ओरी’, म्हणजे डोकं, हे माणसाच्या नशिबाचं घर. घोडेस्वाराचा घोडा मुद्दाम लहान असतो, राजाचे सेवक गुडघ्याएवढे असतात. जवळचा मोठा आणि दूरचा लहान हा नियम तिथे चालत नाही, मानाचा मोठा हा चालतो. रोजच्या प्रसंगांत आकृती सहा डोक्यांची ठेवा, म्हणजे उंची डोक्याच्या सहापट, आणि विधी, स्वप्न, देवतांच्या प्रसंगांत चार डोक्यांची. दोन्ही एकाच चौकटीत मिसळू नका, नाहीतर चार डोक्यांची आकृती लहान मूल वाटते.

योरुबा रसिक शिल्प पारखताना जे शब्द वापरतात ते चित्रकाराने पाठच करावेत. ‘जिजोरा’ म्हणजे माफक साम्य: हुबेहूबही नको, अनोळखीही नको. ‘इफाराहान’ म्हणजे प्रत्येक अवयव स्पष्ट दिसणं. ‘दिदान’ म्हणजे गुळगुळीत झळाळी. ‘ऑदॉ’ म्हणजे माणूस त्याच्या भरातल्या वयाचा दिसणं. ‘इतुतू’ म्हणजे चेहऱ्यावरचा शांत गारवा. यातून थेट सूचना निघतात. आजीला सुरकुत्यांचं जाळं नको, वय तिच्या बसण्यात आणि कापडात दिसू दे. रागाच्या प्रसंगातही दात दाखवणारा ओरडा नको. आकृतीची बाह्यरेषा कुठेही गर्दीत हरवू नये, हात धडाला चिकटून नाहीसे होऊ नयेत. शिल्पकार आधी वाकसाने ढोबळ आकार काढतो, मग पृष्ठभाग गुळगुळीत करतो आणि बारीक समांतर रेषा शेवटी, केस, कापड आणि गोंदण एवढ्यापुरत्याच कोरतो. शाई करताना हाच क्रम पाळा: मोठे भाग कोरे, बारीक रेषा मोजक्या ठिकाणी. गालावर, दंडावर तिरप्या छटा मारल्या की सगळी झळाळी जाते.

रंगांचीही योरुबा भाषेत तीन मोठी घरं आहेत. ‘फुनफुन’मध्ये पांढरा, रुपेरी, फिका, थंड. ‘पुपा’मध्ये लाल, केशरी, पिवळा, उष्ण. ‘दुदू’मध्ये काळा, निळा, हिरवा, गडद. ओबाताला देवाचा प्रसंग फुनफुनमध्ये, शांगो देवाच्या विजेचा पुपामध्ये, आजीची रंगशाळा दुदूमध्ये. एका पानावर एकच घर वरचढ ठेवा आणि दुसऱ्याचा एखादाच ठिपका. चोवीस पानांचे चोवीस लहान चौकोन करून आधी एवढंच रंगवून बघा.

आता जिथे चुका जास्त होतात त्या जागा.

गेलेदे या नाचातला मुखवटा चेहऱ्यावर लावत नाहीत, तो डोक्यावर टोपीसारखा बसतो आणि नाचणारा खालच्या झिरझिरीत कापडातून बघतो. म्हणून संपूर्ण आकृती माणसापेक्षा उंच दिसते. हा नाच ‘आपल्या मातांच्या’ मानासाठी असतो, नाचणारे पुरुष बायकांच्या वेशात असतात, आणि एकसारखे मुखवटे बऱ्याचदा जोडीने येतात. तुमच्या जुळ्यांसाठी हे किती जुळून येतं बघा. मुखवट्याच्या माथ्यावर अख्खं दृश्य कोरलेलं असतं, त्यात सापाशी झुंजणारा पक्षी येतो तसं शिवणयंत्रही येतं. गावातली टीका, थट्टा, बातमी तिथे बसवा: चौकटीच्या आत आणखी एक चौकट. परंपरेचा मूळ भाग पश्चिमेकडचा योरुबा मुलूख आणि बेनिन देशातलं केतू. २००१ मध्ये युनेस्कोने तिची दखल घेतली.

एगुंगुन हे पूर्वजांचं रूप. थरांवर थर चढवलेल्या कापडांत माणसाचं एक नखही दिसत नाही. गरगर फिरताना पट्ट्या उडतात, त्यातून येणारं वारं आशीर्वादाचं मानतात. पोशाख चढवतानाचं दृश्य, आतला चेहरा, ‘अरे हा तर शेजारचा काका’ असा खुलासा, यातलं काहीही काढू नका. ते गुपित फोडणं हाच परंपरेतला अपराध आहे. जुळ्यांपैकी एकाला कुतूहल वाटतंय असं दाखवायचं असेल तर त्याची नजर दाखवा, पोशाखाची फट नको.

जुळ्यांची नावं ठरलेली असतात, मुलगा असो की मुलगी. आधी जन्मलेला ताइवो, म्हणजे जगाची चव घ्यायला पुढे पाठवलेला. नंतरचा केहिंदे, आणि थोरला मानतात तो केहिंदे, कारण त्याने धाकट्याला आधी धाडलं. पटकथेत उलटं झालं तर योरुबा वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल. जुळ्यांतलं एक दगावलं तर ‘एरे इबेजी’ ही लाकडी मूर्ती घडवतात, साधारण वीतभर उंचीची. मूर्ती मुलाची असली तरी शरीर प्रौढ माणसाचं असतं. आई तिला न्हाऊ घालते, खाऊ घालते, कॅमवुड या लाकडाची लाल भुकटी चोळते. वर्षानुवर्षांच्या या मायेने नाक, डोळे झिजून सपाट होतात. केसांना निळा रंग देतात, आणि पुढे त्यासाठी कपड्यांना घालायची नीळही वापरली गेली. तेव्हा मूर्ती कोरीव, धारदार काढू नका. नाकाचा शेंडा गुळगुळीत, खोबणींत लाल भुकटी साचलेली, केसांत निळसर झाक. ती चौकट पानभर द्या आणि संवाद काढून टाका.

इफाचं भविष्य दाखवायचं असेल तर हिशेब नीट करा. बाबालावो, म्हणजे इफाचा पुजारी, सोळा पामबिया दोन्ही हातांत धरून उजव्या हाताने उचलतो. डाव्या हातात दोन उरल्या तर भुकटीत एक रेघ, एक उरली तर दोन रेघा, इतर काही उरलं तर ती खेप धरत नाहीत. अशा आठ नोंदींतून चार-चारच्या दोन ओळी उभ्या राहतात आणि एकूण शक्यता होतात २५६. आधी उजवीकडची, मग डावीकडची, असं वरून खाली जातात. मराठी वाचक डावीकडून वाचतो, म्हणून चित्रकार ते पान आरशासारखं उलटं करून टाकतात. तसं केलं की उजवा आणि डावा स्तंभ बदलतो आणि भाकीतच बदलतं. शंका असेल तर एजी ओग्बे ही आकृती घ्या: आठही ठिकाणी एकेक रेघ, दोन्ही बाजू सारख्या.

एशूला खलनायक करू नका. तो चौरस्त्याचा, निरोप पोहोचवणारा, माणसाची परीक्षा घेणारा देव. एकोणिसाव्या शतकात बायबलचं योरुबा भाषांतर झालं तेव्हा सैतानासाठी त्याचं नाव वापरलं गेलं, तिथून हा घोळ सुरू झाला. त्याची केसांची लांब शेंडी आणि काळा-लाल रंग पुरे, शिंगं नकोत.

चेहऱ्यावरच्या खुणा, म्हणजे ‘इला’, घराण्याच्या आणि गावाच्या असतात. दिसायला छान म्हणून तीन रेघा मारल्या असं चालत नाही. ठोस संदर्भ नसेल तर चेहरा कोरा ठेवा. आजच्या काळातल्या मुलांच्या गालावर तर मुळीच नको, नायजेरियात २००३ च्या बालहक्क कायद्याने त्यावर बंदी आहे. राजाच्या मणिमुकुटाला मण्यांची झालर असते आणि चेहरा तिच्याआड असतो. पुरुष वडीलधाऱ्यांना लोटांगण घालतात, बायका गुडघे टेकतात. वस्तू देताना डावा हात पुढे करणं तिथेही उद्धटपणाच. संगणकावर चौकट उलटवली की इथेही चूक होते.

अक्षरांबद्दल. योरुबा भाषेत तीन सूर आहेत: वरचा, मधला, खालचा. खुणा न देता लिहिलेला ‘ओवो’ हा एकच शब्द पैसा, हात, मान, व्यापार किंवा झाडू होऊ शकतो. चित्रातल्या पाट्या रोमन लिपीत असतील तर स्वराखालचा ठिपका आणि वरचा सूर दोन्ही हवेत. ठिपक्यावर सूर असलेलं जोडअक्षर युनिकोडमध्ये तयार मिळत नाही, सुराची खूण वेगळी जोडावी लागते. कॉमिकचे बरेच फॉन्ट ती बाजूला फेकतात. शब्द टाइप करून मोठा करून बघा, खूण सरकलेली दिसली तर फॉन्ट बदला किंवा पाटी हाताने लिहा. देवनागरीत आपली सोय जास्त आहे. ठिपक्याच्या ‘ओ’साठी ‘ऑ’, ठिपक्याच्या ‘स’साठी ‘श’: म्हणून शांगो आणि ऑशुन, सांगो आणि ओसून नाही. शेवटच्या अनुनासिकाला ‘न’ राहू दे, ‘ऑशुं’ लिहिलं तर मराठी वाचक ‘म’ लावून वाचतो. ‘ओपोन’, ‘ओबाताला’ अशी ज्यांची सवय झाली आहे त्यांचं एकच रूप शेवटपर्यंत ठेवा.

बोलणारा ढोल, दुनदुन, हेच तीन सूर वाजवतो. काखेत धरलेल्या ढोलाच्या दोऱ्या दाबल्या की आवाज चढतो. म्हणून ढोलाचे शब्द ‘धडाम धूम’ नकोत. चौकटीत तीन अदृश्य ओळी आखा आणि प्रत्येक अक्षर त्याच्या सुराच्या उंचीवर बसवा. ओळखीच्या योरुबा माणसाकडून ते वाक्य म्हणवून घ्या आणि ऐकत ऐकत लिहा.

संदर्भचित्रं जमवताना परवाना वाचा. मेट्रोपॉलिटन म्युझियमची खुली छायाचित्रं २०१७ पासून कोणत्याही कामाला वापरता येतात. ब्रिटिश म्युझियमची मोफत चित्रं विकाऊ कामासाठी नसतात, त्यांच्यावरून थेट गिरवू नका. जिवंत अदिरे कलाकाराची नवी नक्षी घेतलीत तर परवानगी, मोबदला आणि पहिल्या पानावर नाव, तिन्ही द्या. तपासणारा योरुबा वाचक पेन्सिलच्या टप्प्यावरच गाठा, शाई झाल्यावर त्याचं म्हणणं ऐकायला जागा उरत नाही. त्याला ‘कसं वाटलं’ असं विचारू नका. पान ७ वर कोण आधी वाकतंय, पान ११ वरचं कापड त्या वर्षी होतं का, पान १६ वरच्या रेघा उजवीकडून आहेत का, असे पंचवीस-तीस नेमके प्रश्न लिहून पाठवा, आणि त्याच्या वेळेचे पैसे खर्चाच्या यादीत पहिल्या दिवसापासून धरा.